टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी



या पानावर आम्ही एरवी निकाल, स्नेहसंमेलन, शिस्त आणि फी यांबद्दल लिहितो. या अंकात शाळेच्या मागच्या सेप्टिक टँकबद्दल लिहीत आहोत. विषय वाचून पान उलटू नये, ही नम्र विनंती. यात चूक आमची आहे आणि ती सुधारायला आपणा सर्वांची संमती हवी आहे. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा भाषेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत टँक साफ करायला नेहमीचा माणूस आला. बरोबर शिडी, दोर, बादली आणि सातवी-आठवीच्या वयाचा त्याचा मुलगा. झाकण बाजूला केले, पाच मिनिटे थांबला आणि सदरा काढू लागला. आम्ही जवळच उभे होतो. विचारले, “भैया, अंदर की हवा देखी?” तो हसून म्हणाला, “सर, बीस साल से उतर रहा हूँ. कुछ नहीं होता.” मुलाने दोराचे एक टोक धरले होते. दुसरे टोक बादलीला बांधले होते, बापाच्या कमरेला नाही.

त्या दिवशी आम्ही काम थांबवले आणि मजुरी देऊन त्याला परत पाठवले. पण घरी आल्यावर जुनी व्हाउचरे आठवली. ‘टाकी सफाई, मजुरी’, दरवर्षी एक, आणि खाली आमचीच सही. इतकी वर्षे तो माणूस उतरत होता आणि आम्ही एकदाही विचारले नव्हते. तो दरवेळी सुखरूप वर आला, यात आमची काही कर्तबगारी नाही.

अशा जागेत काय होते, ते दोन घटनांवरून कळेल. ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात वाकडी गावी, शेणाच्या काल्याने भरलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले, पाच गेले. जो वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल २०२५ रोजी, आपल्या शेजारच्या निमाडात, खंडवा जिल्ह्यातील कोंडावत गावी गणगौरीच्या विसर्जनासाठी विहिरीतला गाळ काढायला लोक उतरले. तेथेही एकामागून एक, एकमेकांना वाचवायला. आठ माणसे गेली. सणासुदीच्या दिवशी गावाच्या कामासाठी उतरलेली ही भली माणसे होती. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ सालीच नोंदवले होते की बंद जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक हे वाचवायला गेलेले असतात.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्या जागेत उतरू नये, असा नियम आहे. बंद टाकीत कुजणारा गाळ प्राणवायू खातो. लोखंडी टाकी असेल तर नुसता गंजही तो खातो. गाळातून मिथेन निघतो. तो हवेत ५ ते १५ टक्के असला की एका ठिणगीने भडकतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. आणि सर्वांत फसवा हायड्रोजन सल्फाइड. आमच्या कॉलेजात तो किपच्या उपकरणातून काढत असत. सडक्या अंड्याचा तो वास थोड्या वेळाने येईनासा झाला की आम्हा पोरांना वाटे, गॅस बंद झाला. प्रत्यक्षात बंद पडलेले असे आमचे नाक. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग एवढा हा वायू असला, तर काही मिनिटांतच वास कळेनासा होतो. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ हे अनुभवी माणसाचे बोलणेही भरवशाचे नाही.

जुनी माणसे विहिरीत कंदील सोडून पाहत असत. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे, एवढे कळते. पण जळत राहिला तरी विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि मिथेन असेल तर त्या कंदिलानेच स्फोट होतो. झाकण तासभर उघडे ठेवणेही पुरेसे नाही. गाळात फावडे घातले की आत कोंडलेला वायू एकदम सुटतो. उतरताना बरी असलेली हवा दहा मिनिटांत मारक होऊ शकते.

यावर उपाय अवघड नाही. चार वायू मोजणारा हातात मावेल एवढा मीटर मिळतो. तो दोरीने आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासायची. आधी प्राणवायू, मग पेट घेणारा वायू, मग विषारी वायू. पंख्याने ताजी हवा आत घालायची, पुन्हा तपासायचे आणि काम संपेपर्यंत मीटर आतच चालू ठेवायचा. यात नवे काही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमात लिहिले होते की टाकीत किंवा खड्ड्यात धोक्याचा वायू असण्याचा संभव असेल, तर जाणकार माणसाने तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय कोणी आत जाऊ नये. नाहीतर त्याने श्वसनयंत्र आणि पट्टा लावावा आणि पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाने धरावे.

सेप्टिक टँक आणि गटारासाठी २०१३ चा कायदा आहे. सुरक्षेची साधने आणि खबरदारी यांवाचून माणसाला आत उतरवणे हा गुन्हा आहे, आणि तो उतरवणाऱ्याचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मध्ये ठेकेदार आहे म्हणून सुटका नाही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण आमच्या मते शिक्षेच्या भीतीने हे करावे लागणे ही शाळेला शोभणारी गोष्ट नाही.

आमच्या निर्णयावर दोन आक्षेप आले. सक्शन मशीनची गाडी मिळेपर्यंत मागची स्वच्छतागृहे नऊ दिवस बंद राहिली आणि उन्हाळी शिबिराच्या मुलांची गैरसोय झाली. एका पालकांनी त्याबद्दल रागाचे पत्र पाठवले. त्यांची तक्रार खरी आहे. गाडी आधी ठरवली असती तर ही वेळ आली नसती. दुसरा आक्षेप खर्चाचा. गाडीला मजुरीच्या जवळजवळ तिप्पट पैसे लागले. यावर आमचे म्हणणे एवढेच की आधीचा खर्च कमी नव्हता. बाकीची रक्कम तो माणूस आपल्या जिवाच्या जोखमीवर भरत होता, ती आपल्या हिशेबात येत नव्हती इतकेच.

‘त्यालाच पट्टा-मास्क नको असतो’ असेही ऐकू येते. ज्याची संध्याकाळची चूल त्या मजुरीवर पेटते, तो ‘आधी हवा तपासा’ असे प्राचार्यांना कसे म्हणेल? हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आले, तेही आपण सर्व जाणतो. आपले इंदूर २०१७ ते २०२३ सलग सात वर्षे देशात स्वच्छतेत पहिले राहिले. त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण स्वच्छता करणारा सुखरूप घरी गेला, तरच तो अभिमान खरा.

म्हणून कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत आम्ही चार नियम मांडत आहोत.

१. शाळेच्या सेप्टिक टँकमध्ये किंवा चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही. काम मशीननेच होईल, आणि गाडी एप्रिलमध्येच ठरवली जाईल.

२. पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या हौदात उतरावे लागले, तर आधी मोटारीची वीज बंद, मग मीटरने तपासणी. आकडे कागदावर लिहून त्याखाली प्राचार्यांची सही होईल. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरली जाणार नाही, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो.

३. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि दोर असेल, आणि त्याला वर ओढता येईल अशी व्यवस्था व माणसे बाहेर असतील. काहीही झाले तरी बाहेरच्यांपैकी कोणी आत उडी घेणार नाही.

४. उतरणाऱ्याला धोका वाटला आणि त्याने नकार दिला, तर त्याची मजुरी कापली जाणार नाही.

विश्वस्तांना विनंती, की मीटरचे भाडे आणि गाडीचा खर्च ‘किरकोळ’ खात्यात न टाकता अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा. पालकांना विनंती, की घरच्या आणि सोसायटीच्या टाक्यांबद्दल हाच प्रश्न विचारावा. आणि विद्यार्थीमित्रहो, चेंडू असो, मांजर असो वा जिवलग मित्र असो, विहिरीत किंवा टाकीत कोणी पडले तर मागोमाग उतरू नका. ओरडा, मोठ्यांना बोलवा, ११२ वर फोन करा, वरून दोर टाका. यात भित्रेपणा नाही. पडलेल्याला वाचवायला बाहेर कोणीतरी शुद्धीवर असावे लागते.

तो सफाईवाला आता येईल तेव्हा गाडीच्या पाइपवर काम करेल, असे त्याच्याशी बोलणे झाले आहे. मजुरी पूर्वीइतकीच. मुलाला मात्र शाळेच्या दिवशी आणू नकोस, असे त्याला सांगितले आहे.

— प्राचार्य