सेव्ह केलंय म्हणे!

दोस्तांनो, एक भ्रम आहे, तो आधी फोडून टाकू. आपल्यातल्या प्रत्येक पोराच्या मोबाईलमधी एक यादी असते. भीमगीतं, जलसे, भाषणं, मोर्च्याच्या क्लिपा, कुठल्या तरी वस्तीतल्या म्हातारीची मुलाखत. दिसलं, आवडलं, अंगठा दाबला, सेव्ह. चर्चेला बसलो की छाती काढून सांगतो, आपल्याकडं सगळं आहे. घंटा आहे तुझ्याकडं! तुझ्याकडं नुसता पत्ता आहे. घर दुसऱ्याच्या नावावर आहे, नि पाडायचं ठरलं तर नोटीससुद्धा तुला येणार नाही.

माझी यादी 2011 पासूनची. दोनशेवर गाणी. त्यात एक आत्याचं. 2013 च्या जयंतीला नाक्यावरच्या स्टेजवर गायली होती, धुणीभांडी उरकून, त्याच लुगड्यात. वस्तीतल्या एका पोरानं मोबाईलवर घेतलं नि एका साइटवर चढवलं. मी यादीत टाकलं नि निर्धास्त झालो. 2021 ला आत्या गेली. जलदानाच्या दिवशी म्हटलं, सगळ्यांना तिचा आवाज ऐकवू. यादी उघडली. काळा चौकोन. व्हिडिओ उपलब्ध नाही. यादीत मोजले तर असे एकतीस चौकोन निघाले. बाकीचे तीस कुणाचे होते, हेही आठवेना, कारण व्हिडिओबरोबर नावही गेलेलं. चोरीला काय गेलं हेच घरमालकाला माहीत नाही, अशी गत.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. 2009 साली याहूनं जिओसिटीज बंद केलं, लोकांनी हातानं बांधलेली लाखो पानं उडाली. काही वाचली ती फुकट राबणाऱ्या हौशी पोरांनी रात्री जागून उतरवून घेतली म्हणून. ऑर्कुट 2014 ला गेलं. मायस्पेसनं 2019 ला सांगितलं की 2003 ते 2015 मधी लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना गेलं. गेलं म्हणजे गेलं. पॉकेट नावाची सोय होती, वाचायच्या-बघायच्या गोष्टी राखून ठेवायची. धंदाच राखून ठेवायचा! ती 2025 च्या जुलैत बंद. नि आपल्याकडं 29 जून 2020 च्या रात्री सरकारनं 59 अॅपांवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं, सुमारे वीस कोटी लोक वापरायचे. सीमेवरचं राजकारण काय ते असो. पण तांड्यावरची, वस्तीवरची, वीटभट्टीवरची पोरंपोरी पहिल्यांदा कुणाला न विचारता कॅमेऱ्यापुढं उभी राहिली होती, नाचली होती. ज्यांनी स्वतःकडं प्रत ठेवली नव्हती त्यांची दोन-तीन वर्षं त्या पडद्याआड गेली.

आता म्हणाल, सरकारी दप्तरात तरी आपलं काय सुरक्षित होतं? बरोबर. बाबासाहेब 1956 ला गेले नि त्यांच्या लेखनाचा पहिला सरकारी खंड 1979 ला निघाला. तेवीस वर्षं. 1987 ला चौथा खंड आला, रिडल्स इन हिंदुइझम. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून गदारोळ झाला, खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या, सरकारनं शेपूट घातली नि ते परिशिष्ट काढायला निघालं. तेव्हा फेब्रुवारी 1988 मधी मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला. परिशिष्ट राहिलं. खाली सरकारनं टीप टाकली की आम्ही या मतांशी सहमत नाही. नका होऊ. पण पान राहिलं.

मला त्या मोर्च्यावरनं एवढंच विचारायचंय की उद्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या यंत्रानं एक चॅनेल उडवलं, तर मोर्चा कुठं न्यायचा? मंत्रालय ठाऊक आहे. त्या यंत्राचं गेट कुठल्या रस्त्यावर?

पण नुसतं उडून जाण्याचंच भय नाही. जे राहतं ते कसं राहतं, तेही बघा. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात बहुतेक वेळा ‘वामन’ येतो. शाहिरांची ही जुनी रीत. छापखाना आपला नव्हता, कागद आपला नव्हता, म्हणून कवीनं आपलं नाव गाण्यातच विणून टाकलं. गाणं जाईल तिथं नाव जाईल. आता रील निघते तीस सेकंदांची. मुखडा घेतात, ठेका घेतात, शेवटचं कडवं कापतात. वामन कापला जातो. मग तेच गाणं आपलीच पोरं डीजेवर लावतात नि खाली लिहितात, पारंपरिक. च्यायला, पारंपरिक कसलं? 1922 साली जन्मलेला, 2004 साली गेलेला, गावोगाव पायपीट केलेला माणूस तो!

म्हणून जमवणं वेगळं नि जतन करणं वेगळं. जमवतो भंगारवालाही. जतन करणारा नाव लिहितो. हे काम कसं होतं ते बघायचं तर पारी या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर नि गी पॉइतवाँ यांनी गावागावांतनं लाखावर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकावर सूची बांधली, शंभरावर तास आवाज ध्वनिमुद्रित केला. 2017 पासून त्या पारीवर येऊ लागल्या. तिथं प्रत्येक ओवीशी बाईचं नाव आहे. गाव, तालुका, जिल्हा, जात, काम, मुलं किती, कधी गायली. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बाईनं बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. तिचं नाव मी इथं सांगत नाही, तिथं जाऊन वाचा, तिच्याच तोंडून ऐका. आणि हो, मनाला लागणारी गोष्ट ही की हे गोळा करायला एक परका फ्रेंच माणूस नि पुण्याची एक बाई दारोदार फिरत होती. आपल्याच आयांच्या जात्याशी आपण किती वेळा बसलो?

काही साथी म्हणतील, रस्त्यावर यायचं सोडून लिंका कसल्या गोळा करता? त्यांना मी उलट विचारतो, तुम्ही रस्त्यावर आलात हे तुमच्या नातवाला कोण सांगणार? संध्याकाळच्या बातम्या? त्यात तुम्ही फक्त वाहतुकीचा खोळंबा असता.

पण दुसरी एक हरकत खरी आहे. वस्तीतली गायिका आज स्वतःच्या चॅनेलवर पोट भरते. तिचं गाणं उतरवून तू तुझ्या चॅनेलवर चढवलंस तर ते जतन नव्हे, तिच्या ताटातली भाकर उचलणं झालं. प्रत घरात ठेव, लोकांना तिच्याच दारात पाठव, नि ठेवण्याआधी तिला विचार. मोर्च्याच्या क्लिपांचंही तसंच. जानेवारी 2018 च्या बंदची किती चित्रं आपण भरभरून वाटली! त्यातले चेहरे फक्त आपणच बघत होतो काय? प्रत राखायची, पण सगळ्या प्रती सगळ्यांना दाखवायच्या नाहीत. कुठलं उघडं ठेवायचं नि कुठलं झाकून, ते ठरवायला वस्तीतली चार माणसं बसली पाहिजेत. त्यात दोन बाया हव्यात.

काम साधं आहे, कंटाळवाणं आहे. एक वही किंवा संगणकावरचा तक्ता. गाणारा कोण, लिहिणारा कोण, कुठं, कधी, चित्रीकरण कुणाचं, परवानगी कुणी दिली. फायलीच्या दोन हार्ड डिस्क, दोन वेगवेगळ्या घरांत. एक तरी पहिल्या मजल्यावर ठेवा, पावसाळ्यात वस्तीत पाणी कुठवर येतं ते आपल्याला ठाऊक आहे. परवानगी असेल तर तिसरी प्रत इंटरनेट आर्काइव्हवर. 1996 पासूनची ती संस्था, विना-नफा, पानांच्या प्रती राखते. मात्र तिथं पान राखलं जातं नि आतला व्हिडिओ पुष्कळदा येत नाही, हे तपासून घ्या. आणि 2024 च्या ऑक्टोबरात तिच्यावरही हल्ला झाला, काही दिवस सगळं बंद होतं. तिच्यावरही आंधळा भरवसा नको.

आत्याच्या गाण्याचं सांगायचं राहिलं. चढवणारा पोरगा सापडला, उल्हासनगरला असतो. त्यानं जुनं अकाउंट काढून टाकलेलं, मोबाईल कधीच विकलेला. चुलतभावाच्या एका मेमरी कार्डात चाळीस सेकंद निघाले, शेवटचं कडवं नाही. कवी कोण, कळत नाही. पण भावाच्या त्या तुकड्यात स्टेजपुढं आणखी तिघं मोबाईल वर धरून उभे दिसतात. दोघांची नावं कळलीत. रविवारी त्यांच्याकडं चाललोय.