पंखाची पाठ

आमच्या कळंबोलीचे ओळखीचे आवाज दोन: लोखंड बाजारातला खणखणाट आणि महामार्गावरच्या ट्रकांचे भोंगे. त्यांत आता तिसऱ्याची भर पडली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन ती पाहणे हा आमच्या घरचा नेमच होऊन बसला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाने विचारले, "आजोबा, एवढे जड विमान वर राहते कसे?"

चाळीस वर्षे शास्त्र शिकवलेला मास्तर मी! ठोकून दिले, "पंखाची पाठ फुगीर, पोट सपाट. वरच्या हवेची वाट लांबची. खालच्या हवेला गाठायचे म्हणून ती धावते, वरचा दाब कमी होतो आणि पंख उचलला जातो."

"पण तिने खालच्या हवेला गाठलेच पाहिजे, असे कोणी सांगितले?"

मी गप्प. रात्री पुस्तके काढली आणि बघतो तो काय, चूक माझीच! वरची हवा वेगाने जाते, दाब कमी होतो, हे खरे. पण ती कोणाला गाठायला धावत नाही. उलट खालच्या हवेच्या आधीच पलीकडे पोचते! बाकदार, किंचित तिरका धरलेला पंख हवेला खाली वळवतो आणि हवा त्याला वर रेटते. म्हणून तर कसरतीची विमाने उलटी होऊनही उडतात.

पुढची गंमत याहून मोठी. जेट विमान ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने जाते. त्या उंचीवर आवाजाचा वेग १०६० च्या आसपास. पण फुगीर पाठीवरची हवा मात्र आवाजालाही मागे टाकते आणि मग एकदम अडखळते. त्या धक्क्याने विमान मागे ओढले जाते, इंधन जास्त जळते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी पाठ बरीचशी सपाट केली आणि मागच्या कडेजवळ पोटाला खोलगट बाक दिला. धक्का सौम्य झाला. आजच्या प्रवासी विमानांचे पंख याच घडणीचे वारस. म्हणजे मी जिचे गोडवे गात होतो, ती फुगीर पाठ समोरच्या विमानाला नव्हतीच!

सकाळी नातवाला म्हटले, "बाळ, काल मी चुकीचे सांगितले."

पन्ह्याचा पेला खाली ठेवून तो म्हणाला, "मग तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना कोण सांगणार?"

म्हणून हा खटाटोप. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर फराळाला बसण्यापूर्वी तेवढी वहीत दुरुस्ती करून घ्यावी.