पाडव्याचा झेंडू, डेडलाइनसकट

माझ्या आयुष्यात सध्या एकच डेडलाइन अशी आहे, जी एक्स्टेंड होत नाही. १९ मार्च २०२६, गुढीपाडवा. गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता. म्हणजे पंचांगाने यंदा माझे चक्क अकरा दिवस कापलेत. एडिटरला फोन करून ‘दोन दिवस द्या ना, प्लीज’ म्हणता येतं, पंचांगवाल्यांना कुठे गाठणार?

झालं असं, की २ ऑक्टोबरला, दसऱ्याला दारावर लागलेलं तोरण आमच्याकडे दिवाळी उलटली तरी कुणी काढत नाही. शेवटी आई ते वाळून खडखडीत झालेलं प्रकरण कचऱ्यात टाकायला निघाली, तेव्हा बाबांनी त्यातलं एक फूल ओढून घेतलं आणि तळहातावर चुरगाळलं. आतून काळ्या, बारीक काड्या निघाल्या, एका टोकाला पांढुरका पिसारा असलेल्या. ‘बी आहे हे,’ बाबा म्हणाले. चौतीस वर्षं डोंबिवली-व्हीटी-डोंबिवली केलेला माणूस. शेतीशी संबंध काय, तर गाडीच्या खिडकीतून दिसणारी रुळांकडेची पालेभाजी. पण ते बी त्यांनी जपून ठेवलं. रेल्वे पासच्या जुन्या प्लास्टिक कव्हरमध्ये.

कारण मला नंतर कळलं. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. मेअखेर घरं रिकामी करायची. नव्या फ्लॅटच्या प्लॅनमध्ये गॅलरी नाहीच, तेवढी जागा हॉलमध्ये गेलीय. तेव्हा या गॅलरीतली ही शेवटची गुढी, आणि तिला माळ घरच्या झेंडूची हवी, असं त्यांच्या डोक्यात आलं. तोंडाने बोलतील तर शपथ! आईनेच सांगितलं.

आता डोंबिवलीकरांना पाडव्याचं महत्त्व मी काय सांगायचं? नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली इथूनच, गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने सुरू झाली आणि मग ठाणं, गिरगाव सगळीकडे पोचली. त्या सकाळी आख्खी फडके रोड नऊवारी आणि फेट्यांनी भरते. मी दरवर्षी गॉगल लावून ढोलांच्या मागे फिरणारी. गुढीची माळ कुठून येते, हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता. कोपऱ्यावरून येते, झालं.

तर हिशेब केला. झेंडूला बी पेरल्यापासून फुलायला साधारण दोन महिने लागतात. संक्रांतीला, १४ जानेवारीला पेरलं की पाडव्यापर्यंत ६४ दिवस. परफेक्ट! कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं मिसळलं, कागदी चहाच्या ग्लासांना बुडाला भोकं पाडली, अगरबत्तीच्या काडीने खळगे करून तीस बिया टाकल्या, वरून मिश्रणाचा पातळ थर. पाचव्या दिवशी सतरा कोंब वर. मी मोबाइलवर फोटो काढून अर्ध्या डोंबिवलीला पाठवले.

नवव्या दिवशी सकाळी बघते तर सगळी आडवी. देठ मातीला टेकतो तिथेच बारीक, पाणचट झालेला, जणू कुणी चिमटीत धरून मोडलाय. नर्सरीवाले याला ‘रोप कोलमडणं’ म्हणतात. सतत ओल्या मातीत बुरशी वाढते आणि कोवळा देठ तळाशीच कुजवते. एकदा पडलेलं रोप उठत नाही. आणि ओल कुणी ठेवली होती? अस्मादिकांनी. मी फ्रीलान्सर, घरी बसलेली. लेख सुचला नाही की उठून पाणी घालायचं. त्या आठवड्यात लेख अजिबात सुचत नव्हते.

बाबा काही बोलले नाहीत. कव्हरमधलं उरलेलं बी मोजत बसले.

घोडबंदर रोडवर एकोणिसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा प्रॉब्लेम बरोब्बर उलटा. ती आठला घर सोडते, रात्री नऊला परत. मध्ये खाडीवरून येणारं वारं तिचा ट्रे दुपारपर्यंत वाळवून टाकतं. मिरचीची चाळीस रोपं एका गुरुवारी गेली. तिच्यासाठी (आणि तुमच्यापैकी नव्वद टक्के लोकांसाठी) उपाय एकच, पाणी खालून द्या. भोकांचा ट्रे सकाळी पसरट ताटात ठेवायचा, ताटात बोटभर पाणी, चहा-आंघोळ उरकेपर्यंत माती हवं तेवढं ओढून घेते. उरलेलं पाणी ओतून टाकायचं आणि मग निघायचं. वरची माती कोरडी, मुळाशी ओल. कोंब फुटेपर्यंत बिर्याणीच्या डब्याचं पारदर्शक झाकण वर ठेवा, फुटले की त्याच दिवशी काढा.

दुसरी बॅच २६ जानेवारीला. सुट्टी होती. हातात दिवस उरले ५२. इथून पुढे पाण्याचा ताबा बाबांकडे.

प्रकाशाचं गणितही त्यांनीच सोडवलं. पहिल्या वेळी मी ग्लास आत, कॉम्प्युटर टेबलावर ठेवले होते. रोपं उजेडाच्या शोधात लांबच लांब, फिकी, दोऱ्यासारखी झालेली. कोलमडायला अर्धं कारण तेच. आमची गॅलरी दक्षिणेची. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा ऊन थेट दारापर्यंत येतं. एप्रिल-मेमध्ये तोच सूर्य डोक्यावर, गॅलरी सावलीत. म्हणजे आमच्याकडे रोपं करायचा सीझन हाच! इतकी वर्षं मी त्या उन्हात फक्त टॉवेल वाळत घातले.

ज्यांना फुलांपेक्षा पोटाची काळजी जास्त, त्यांच्यासाठी थोडक्यात. आत्ता टोमॅटोच्या नादाला लागू नका. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात रात्रीही गारवा नसतो, फुलं येतात आणि गळतात. टोमॅटो पावसाळा सरता सरता. आत्ता भेंडी, गवार, काकडी थेट कुंडीत टोचा, त्यांना रोपाची भानगड नको, मुळं हलवलेली आवडत नाहीत. मिरची-वांग्याची रोपं करता येतील, पण धीर हवा. मिरचीला नुसतं उगवायलाच आठ-दहा दिवस लागतात. आणि ज्यांना धीर म्हणजे काय तेच माहीत नाही, त्यांनी लाल माठ फेकावा. महिन्याभरात भाजी ताटात.

आणि हो, नर्सरीत ‘ऑफिस टाइम’ नावाचं झाड मिळतं, चिनी गुलाबाचंच हे बोलीतलं नाव. ऊन चढलं की फुलतं, दुपार कलली की मिटतं. म्हणजे तुम्ही गाडीत लटकत असता तेव्हा ते उमलतं आणि तुम्ही परत यायच्या आत शिफ्ट संपवतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, नोकरीवाल्यांनी ते फक्त रविवारी बघायला लावावं.

झेंडूकडे परत येते. मूळचा हा मेक्सिकोचा. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मेलेल्यांच्या आठवणीच्या सणात याच केशरी फुलांनी घरं आणि कबरी सजतात. आपल्याकडे दसरा-पाडवा त्याच्याशिवाय होत नाही. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, ‘म्हणजे तोही बदली होऊन इथे आलेला.’

आज रविवार, २२ फेब्रुवारी. सत्ताविसावा दिवस. अकरा रोपं जगलीत, वीतभर उंच, रंगाच्या रिकाम्या डब्यांत. आणि आत्ताच भांडण पेटलंय. पुस्तकी नियम सांगतो, या उंचीला शेंडा खुडा. झाड पसरतं, फुलं दुप्पट येतात. पण खुडलं की फुलं लांबतात, आणि आपल्याकडे उरलेत २५ दिवस. मी म्हणते, खुडायचं नाही. एकेका झाडाला एक फूल आलं तरी अकरा फुलं, गुढीपुरती माळ होते. दिवस अजून लहान आहेत, तेवढी एक गोष्ट बाजूची. लहान दिवसांत झेंडू कळी लवकर धरतो. शिवाय तोरणाचं बी हायब्रीड फुलांचं असेल, तर पोरं आईबापावर जातीलच याची गॅरंटी नाही. गेंदेदार गोंड्याऐवजी एकेरी पाकळ्यांची फुलंही निघू शकतात. बाबांचं म्हणणं, एकेरी तर एकेरी, पण झाड धड वाढू दे.

शेवटी तोडगा निघाला, तीन खुडायची, आठ सोडायची. ती तीन पाडव्याला फुलणार नाहीत. एप्रिलमध्ये फुलतील, तेव्हा घरात खोकी बांधायला सुरुवात झालेली असेल. बाबांनी ती तीनच का निवडली, ते मी विचारलं नाही. त्यांनी ती भाड्याच्या घरी न्यायच्या डब्यांत आधीच हलवली होती.

आईने मात्र काल कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडे पाडव्यासाठी पाव किलो झेंडू सांगून ठेवलाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.