साधी सर्दी आजीच्या खोलीत नेऊ नका : नागरिकांना तातडीचे आवाहन



सर्दी-खोकल्याची साथ सुरू झाली की एकाच सोसायटीत दोन गोष्टी घडतात. हॉस्पिटलात दाखल असलेल्या कोणाच्या तरी रिपोर्टवर ‘कोरोनाव्हायरस ओसी४३ : डिटेक्टेड’ अशी ओळ येते, तिचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो आणि तासाभरात ‘कोरोना परत आला’ म्हणून बोभाटा होतो. त्याच वेळी वरच्या मजल्यावर नाक गळणारा नातू आजीच्या ताटात जेवत असतो आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. पहिल्या घरातली भीती अनाठायी आहे, दुसऱ्या घरातली बेफिकिरी महागात पडू शकते. दोन्ही आजच थांबवा, एवढ्यासाठी हे आवाहन.

माणसांत आजार पसरवणारे सात कोरोना विषाणू आजवर ओळखले गेले आहेत. त्यांतले तीन बातम्यांमुळे सर्वांना माहीत झाले : २००२-०३ चा सार्स, २०१२ चा मर्स आणि २०१९ चा कोविड. उरलेले चार, म्हणजे २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१, कायम आपल्यातच वावरतात. मोठ्या माणसांच्या सर्दीपैकी साधारण १० ते ३० टक्के सर्दी यांच्यामुळे होते. पहिले दोन १९६० च्या दशकातच हाती लागले. एनएल६३ ची नोंद २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या सात महिन्यांच्या बाळाच्या नमुन्यावरून झाली, तर एचकेयू१ ची २००५ मध्ये हाँगकाँगमधल्या ७१ वर्षांच्या न्यूमोनियाच्या रुग्णावरून. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये कोलकात्यात एका महिलेला एचकेयू१ ची बाधा झाल्याच्या बातम्या झळकल्या, तेव्हा त्यात नवे काहीच नव्हते. विषाणू जुनाच होता, फक्त तपासणीत सापडला होता.

आडनाव एक असले तरी या भावंडांचे गुण सारखे नाहीत. सार्सच्या ८,०९८ रुग्णांपैकी ७७४ दगावले. मर्सचे निदान झालेल्या दर शंभरांत सुमारे ३५ जण गेले. या चौघांची बाधा झालेला धडधाकट माणूस मात्र बहुधा आठवडाभर शिंकतो, खोकतो आणि कामाला लागतो. एनएल६३ तर पेशीत शिरताना सार्स आणि कोविडचे विषाणू धरतात तेच एसीई२ प्रथिन धरतो, तरीही त्याच्यामुळे बहुतेकांना सर्दीच होते. लहान मुलांत मात्र घसा सुजून कुत्रा भुंकल्यासारखा खोकला होऊ शकतो. तेव्हा नुसत्या नात्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

पण ‘सौम्य’ हा शब्द सर्वांना लागू पडत नाही. २००३ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात वृद्धांच्या एका निवासी केंद्रात खोकल्याची साथ पसरली. सार्सच्या धास्तीचेच ते वर्ष. काही तपासण्यांचा कौलही सार्सकडे गेला. अधिक खोलात गेल्यावर विषाणू निघाला ओसी४३, म्हणजे नेहमीच्या सर्दीचाच. तिथल्या १४२ रहिवाशांपैकी ९५ जण आणि १६० कर्मचाऱ्यांपैकी ५३ जण आजारी पडले. आठ वृद्ध दगावले. कर्मचाऱ्याची सर्दी आणि ८५ वर्षांच्या आजोबांची सर्दी यांत एवढा फरक पडतो.

‘मला गेल्या वर्षी होऊन गेलंय’ हा दिलासाही खरा नाही. ॲमस्टरडॅममध्ये दहा निरोगी पुरुषांचे अनेक दशकांत घेतलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा या चारपैकी एकाच विषाणूची बाधा साधारण वर्षभरानंतर पुन्हा होऊ शकते असे दिसले. शिवाय या चौघांवर ना लस आहे, ना खास औषध. बचाव आपल्याच हातात आहे. म्हणून कळकळीची विनंती :

१. सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर तान्ह्या बाळाला आणि घरातल्या वृद्धांना भेटणे टाळा. बारसे असो, साठीशांत असो, फोनवरून शुभेच्छा द्या. एकाच घरात राहत असाल तर मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, टॉवेल आणि ताट-वाटी वेगळी ठेवा, हात साबणाने धुवा.

२. कोविडची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या चाचणीत हे चार विषाणू दिसतच नाहीत. सर्दी आहे तोवर ती आजीला लागू शकते.

३. रिपोर्टवर ‘कोरोना’ दिसले तर पुढची अक्षरे आणि आकडे नीट वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. ग्रुपवर टाकू नका. त्यावर पेशंटचे नाव असते.

४. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. ते जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही.

५. लहान मुलांना मनाने कफ सिरप पाजू नका. दूषित सिरपमुळे मध्य प्रदेशात मुले दगावल्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितले आहे : दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत.

६. बाळाचा श्वास मिनिटभर मोजा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरला, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर वाट पाहू नका. वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, सुस्त पडला, धाप लागली किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर १०८ ला फोन करा. वृद्धांना ताप येईलच असे नाही. कॅनडातल्या त्या केंद्रात आजारी रहिवाशांपैकी जेमतेम २१ टक्क्यांना ताप होता.

वृद्धाश्रम आणि पाळणाघरे चालवणाऱ्यांना वेगळी विनंती. सर्दी झालेल्या आया, मावशी आणि परिचारकांना पगार न कापता सुट्टी द्या. पगार कापला गेला की माणूस खोकला दाबून कामावर येतो आणि आजार सगळ्या खोल्यांत पोहोचतो.

आज तुमच्या घरात कोणी शिंकत असेल तर या सूचना आजपासूनच लागू आहेत. आजीची भेट आठवडाभर पुढे ढकला, आणि का ढकलली ते तिला फोन करून सांगा.