कार्व्हरची गाडी आणि आपला सातबारा

'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. १९०६ साली कार्व्हरनी घोडागाडीतून शेतीचे ज्ञान काळ्या शेतकऱ्यांच्या दारी नेले. १९१४ च्या कायद्याने शेतीविस्ताराला सरकारी पैसा मिळाला, पण दक्षिणेत तो गोऱ्यांच्या कॉलेजांकडेच गेला. काळ्यांच्या कॉलेजांना कायद्याने वाटा मिळाला तो १९७७ साली.

आपल्याकडे अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नव्या विहिरीचे अनुदान २०२४ मध्ये अडीच लाखांवरून ४ लाख झाले. विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते. जाफराबादेत अर्ज लिहून देताना आम्हाला काय दिसते? जमीन अजून आजोबांच्याच नावावर!

बंधू-भगिनींनो, आधी तलाठ्याकडे वारसनोंद करा. मग विहीर मागू.