मूल्यमापन कोणाचे आणि कोणासाठी?

शासकीय परिपत्रकांच्या भाषेत ‘स्व’ या अक्षराला गेल्या काही वर्षांत मोठा भाव आला आहे. २०१२ साली महाराष्ट्राने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला. २०१५ साली केंद्राने ‘शाला सिद्धी’ हा कार्यक्रम आणून शाळांना स्वमूल्यमापनाचा पाठ दिला. शाळेने आपला पैसा आपण उभा करावा, आपले गुणदोष आपण मोजावेत आणि सुधारणेची योजनाही आपणच आखावी! वरवर पाहता यात स्वावलंबनाचा व विकेंद्रीकरणाचा सुगंध आहे, आणि या दोन्ही शब्दांचे समाजवाद्यांना असलेले आकर्षण जुने आहे. म्हणूनच सावध राहण्याची गरज अधिक. ज्या ‘स्व’कडे साधने नाहीत आणि अधिकारही नाहीत, त्याच्या माथी केवळ हिशेब देण्याचे काम मारणे म्हणजे विकेंद्रीकरण नव्हे, ते शासनाचे जबाबदारीतून पलायन होय. या पलायनाचे सर्वांत विदारक रूप पाहावयाचे असेल, तर बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या विशेष शाळेत पाहावे.

शाला सिद्धीच्या चौकटीत सात क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. प्रत्येक मानकापुढे शाळेने तीनपैकी एक पातळी नोंदवावयाची आणि त्यावरून सुधारणेचा अग्रक्रम ठरवावयाचा. ही चौकट साधारण शाळा डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली आहे. ती जशीच्या तशी विशेष शाळेत आणली, तर काय होईल? बारा वर्षांचा एक मुलगा वर्षभराच्या प्रयत्नांनंतर शौचास जायचे आहे हे खुणेने सांगू लागतो. इयत्तेच्या अपेक्षांवर आधारलेल्या तक्त्यात त्याची प्रगती शून्यच राहते. परंतु त्या खुणेमुळे त्याच्या आईचा अर्धा दिवस मोकळा होतो, ती चार घरची कामे धरू शकते आणि मुलाच्या अंगी माणूस म्हणून एक प्रतिष्ठा येते. या घटनेमागे विशेष शिक्षकाचे कौशल्य आहे, काळजीवाहक बाईंचे कष्ट आहेत आणि त्या मातेची वर्षानुवर्षांची बिनमोल मजुरी आहे. अर्थशास्त्राने घरातील स्त्रीचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले नाहीत; आता शिक्षणाच्या मोजपट्टीनेही त्यांची नोंद घ्यावयाची नाही काय?

इंग्लंडने हा प्रयोग करून पाहिला आहे. नेहमीच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पायरीपर्यंत न पोचणाऱ्या मुलांसाठी तेथे १९९८ पासून ‘पी स्केल्स’ नावाच्या श्रेणी अमलात आल्या. प्रगती एका सरळ शिडीने वर चढते, हे त्यामागील गृहीत. २०१६ साली रॉचफर्ड समितीने या श्रेणी रद्द करण्याची शिफारस केली, कारण तीव्र अक्षमता असलेल्या मुलांची वाढ अशी शिडीने होत नाही. २०२१-२२ पासून विषयवार अभ्यासापर्यंत न पोचलेल्या मुलांसाठी त्यांचा कृतीतील सहभाग, पुढाकार आणि चिकाटी पाहणारी पद्धती तेथे लागू झाली. पोळलेल्याचे हात पाहूनही जो निखारा उचलतो, त्याला शहाणा कोण म्हणेल?

मात्र याचा अर्थ विशेष शाळांचे मूल्यमापनच नको असा करणारे लोकही आहेत. ‘आमचे कार्य सेवेचे आहे, सेवेला मोजमाप लावू नये’, असे काही संस्थाचालक म्हणतात. हा युक्तिवाद तितकाच घातक आहे. सेवा म्हटले की देणारा थोर होतो आणि घेणारा मिंधा. हक्क म्हटले की दोघेही नागरिक होतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर लक्ष ठेवणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरविले आहे. वर्षानुवर्षे त्याच मण्यांच्या माळा ओवायला लावून मुलांना ‘गुंतवून ठेवणे’ हे शिक्षण नव्हे, आणि त्यावर देणग्या गोळा करणे ही सेवाही नव्हे.

शिवाय मोजमापाची आपली परंपराही आहे. मद्रासमध्ये तयार झालेल्या विकासात्मक मूल्यमापन पद्धतीत अठरा क्षेत्रांत प्रत्येकी वीस, अशी ३६० कौशल्ये सोप्याकडून कठिणाकडे मांडलेली आहेत. तेथे मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी होत नाही, त्याच्या स्वतःच्या कालच्या अवस्थेशी होते. आणि त्याला काय येत नाही यापेक्षा काय येते येथून आरंभ होतो. शाळेने आपली योजना आपण करावी, हा विचारही परका नाही. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव आणि कोल्हापूरच्या मातीतले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी संस्थात्मक नियोजनाचा पुरस्कार केला, तो शाळा हाच नियोजनाचा पाया व्हावा म्हणून. वरून आलेला तक्ता भरणे म्हणजे नियोजन, असे त्यांना अभिप्रेत नव्हते.

तेव्हा प्रश्न मूल्यमापन असावे की नसावे हा नाही. ते कोणाच्या हाती असावे, हा आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे म्हटले आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम या समितीकडे दिले. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांतील समित्या केवळ सल्लागार ठरविल्या आणि आराखडा करण्याच्या बंधनातूनही त्यांना वगळले. महाराष्ट्रातील बहुसंख्य विशेष शाळा स्वयंसेवी संस्था चालवितात आणि त्यांतील अनेक अनुदानावर आहेत. म्हणजे जेथे पालकाचा आवाज सर्वांत मोलाचा, तेथेच कायद्याने तो सर्वांत क्षीण केला आहे.

दुसरी गोष्ट खात्यांची. विकलांग मुलांचे शिक्षण हा शिक्षणव्यवस्थेचा अविभाज्य भाग मानावा, असे कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगितले. तरीही महाराष्ट्रात विशेष शाळा समाजकल्याणाच्या आणि पुढे सामाजिक न्यायाच्या छत्राखाली राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्या नव्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आल्या. विभाग स्वतंत्र झाला हे चांगलेच. पण मुलाला शाळेच्या दाराशी ‘विद्यार्थी’ न म्हणता ‘लाभार्थी’ म्हणण्याची वृत्ती त्याने संपत नाही. शाळेने भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद मागितले आणि ते रिकामेच राहिले, तर त्या वर्षीच्या मूल्यमापनात उणी श्रेणी शाळेला मिळते. पद न भरणाऱ्या कार्यालयाला श्रेणी देणारा रकानाच तक्त्यात नाही! साधारण शाळांतील दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा पदे निश्चित करण्याचा आदेश द्यावा लागला. या साडेतीन वर्षांचे स्वमूल्यमापन कोणत्या मंत्रालयाने केले?

सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. श्रेणीवर अनुदान ठरू लागले, तर बाजाराचा नियम शाळेत शिरेल. ज्या मुलाची प्रगती लवकर दिसते, त्याला प्रवेश मिळेल; ज्याची दिसत नाही, तो शाळेच्या हिशेबात तोटा ठरेल. तीव्र अक्षमता असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला. तो पालकाचा पर्याय म्हणून दिला. शाळेच्या मागील दाराची किल्ली म्हणून नव्हे. श्रेणीच्या हव्यासाने ती किल्लीच वापरली जाईल आणि त्या दाराबाहेर उभी असेल तीच माता, जिचा अर्धा दिवस नुकताच मोकळा झाला होता.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही मागण्या नि:संदिग्धपणे मांडल्या पाहिजेत. सुधारणेची प्रत्येक योजना दोन रकान्यांत असावी: शाळा काय करील आणि शासन कोणत्या तारखेपर्यंत काय देईल. श्रेणी आणि अनुदान यांचा संबंध जोडू नये. अनुदानित विशेष शाळांतील पालकसमित्यांना निर्णयाचा अधिकार मिळावा. रोजंदारीवर जाणाऱ्या मातेची मजुरी बुडणार नाही अशा वेळी सभा व्हावी, आणि बुडालीच तर ती भरून द्यावी. मूल्यमापनाच्या बैठकीत शिक्षकांबरोबर काळजीवाहकांनाही बरोबरीचे स्थान असावे, कारण मुलाची खूण सर्वांत आधी त्यांनाच कळते. तयार झालेली योजना ग्रामसभेत किंवा प्रभागसभेत मोठ्याने वाचली जावी.

या मागण्यांसाठी मोर्चा काढण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने आपल्या परिसरातील विशेष शाळेत एक दिवस जाऊन बसावे. पक्षाच्या किती बैठकांत या शाळांचा विषय आजवर निघाला, हेही तेथे बसून आठवावे. स्वमूल्यमापनाचा आरंभ तेथून करण्यास कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.