महाराणी येसूबाईंचा निर्णय : त्याग की राजनीती?

१/ महाराणी येसूबाईंचे नाव निघाले की ‘त्यागमूर्ती’ हे विशेषण ठरलेलेच. या गौरवात त्यांची राजनीती झाकली जाते. १६८९ चा रायगड त्या दृष्टीने पुन्हा पाहायला हवा.

२/ आधी विवाह. १६६१ मध्ये शिवरायांनी सुर्व्यांचे शृंगारपूर घेतले. तेथील मातब्बर शिर्के घराण्याशी मग साटेलोटे झाले : पिलाजीराव शिर्क्यांच्या कन्या येसूबाई भोसल्यांकडे आल्या, तर महाराजांच्या कन्या राजकुंवर गणोजी शिर्क्यांकडे गेल्या. सोयरिकीला दाभोळच्या वतनाचा प्रश्न चिकटलेला होता. तो चिघळला आणि गणोजी पुढे मोगलांना मिळाले.

३/ तरीही शंभूराजांनी येसूबाईंना कारभाराचा अधिकार दिला. ‘श्री सखी राज्ञी जयति’ ही त्यांची मुद्रा.

४/ फेब्रुवारी १६८९ मध्ये शंभूराजे कैद झाले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. रायगडास मोगलांचा वेढा पडला. पुत्र शाहू सात वर्षांचेही नव्हते. येसूबाईंनी दीर राजाराम यांना गादीसाठी पुढे केले, त्यांना गडाबाहेर पाठवले आणि स्वतः शाहूंसह गडावर राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला; मायलेक कैद झाले.

५/ यामागचा हिशेब स्पष्ट आहे. राजा आणि वारस एकाच गडावर सापडते, तर एका वेढ्यात राज्य संपले असते. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले आणि लढा चालू राहिला. औरंगजेब १७०७ मध्ये दख्खनमध्येच मेला.

६/ निर्णयाची किंमतही मोठी होती. १७०७ मध्ये शाहू सुटले. येसूबाई ओलीस राहिल्या. राज्य आता राजारामांच्या वंशाचे, असे म्हणत ताराबाईंनी शाहूंचा हक्क नाकारला. या दाव्याचे मूळ १६८९ च्या निर्णयातच होते. १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला, पण गादी दुभंगली.

७/ जवळपास तीस वर्षांच्या कैदेनंतर, १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या दिल्ली मोहिमेमुळे येसूबाई साताऱ्यास परतल्या. भाऊबंदकी मात्र १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत चालली. सातारा आणि कोल्हापूर या दोन राज्यांची सीमा ठरलेली ती वारणा आजही सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते.

८/ त्यागाला आपण हात जोडतो आणि पुढे जातो. निर्णयाची चिकित्सा करावी लागते : त्याने काय वाचले, काय दुभंगले. शिवरायांची किंवा शंभूराजांची धोरणे आपण अशीच तपासतो. येसूबाईंनाही तोच मान मिळायला हवा.